कुणाला किती अंतर मानवतं

दांडिया बाजारातून बडोदा स्टेशन अडीच-तीन किलोमीटर. एवढ्याशा वाटेसाठी जुन्या वाड्याच्या बोळातून मोटार बाहेर काढायची म्हणजे छोटा समारंभच. आधी मागे लावलेल्या दोन स्कूटरी सरकवायच्या, मग रवंथ करत बसलेल्या गाईची समजूत काढायची, मग घरातल्या कुणीतरी मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे... बस बस!" म्हणायचं. एवढ्यात सायकलवाला कोठी ओलांडून काळ्या घोड्यापाशी पोचलेला असतो.

मोटार चांगली की सायकल की आगगाडी, हा वाद मुळात चुकीच्या टोकाने सुरू होतो. माणसाला जशी हवा मानवते किंवा मानवत नाही, तसं वाहनाला अंतर मानवावं लागतं. आणि गंमत अशी, की शहरात मोटारीला आपण बहुतेक वेळा तिला अजिबात न मानवणारं अंतर देतो. दूध, शिकवणी, भाजी, स्टेशन. सगळं तीन किलोमीटरच्या आत.

मेमध्ये बडोद्याला मोटारीच्या पत्र्यावर पापड भाजून निघेल, पण इंजिनाच्या लेखी ती मोटार थंडच असते. त्याचं कामाचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास. तिथवर इंजिनाभोवती फिरणारं पाणी पोचायला तीन-चार किलोमीटर लागतात आणि तेल तापायला त्याहून बरीच जास्त वाट. तोवर इंजिन पेट्रोल सढळ हाताने पितं आणि जाड तेलाशी झटापट करत राहतं. पुढे काय होतं, ते कमी लोकांना ठाऊक असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते सायलेन्सरमधून निघून जायला हवं; पण सायलेन्सर तापण्याआधीच आपण मोटार बंद करून भाजी घ्यायला उतरतो. वाफेचं आतच पाणी होतं आणि सायलेन्सर आतून गंजायला लागतो. वरून तो नवाकोरा दिसतो, एक दिवस खड्ड्यात आदळला की ट्रॅक्टरसारखा ओरडू लागतो.

हीच वाफ तेलातही मिसळते. थंडीच्या दिवसांत तेल भरायचं झाकण उघडून खालची बाजू पाहिली, तर कधी कधी लोण्यासारखा पिवळसर थर दिसतो. तो पाहून मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि 'हेड गॅस्केट', म्हणजे इंजिनात पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी पट्टी, 'गेलं' म्हणून मोठा खर्च सांगणारा कुणीतरी भेटतोच. घाई करू नये. थंड इंजिनावर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतली पातळी खूण करून ठेवावी, पावागडापर्यंत एक लांब फेरी मारावी आणि परत आल्यावर मोटार पूर्ण निवू देऊन पुन्हा पाहावं. पातळी तितकीच असेल आणि थर विरळ झाला असेल, तर दुखणं गॅस्केटचं नव्हे, भाजीबाजाराचं. मात्र अशा मोटारीचं तेल किलोमीटर मोजून नव्हे, महिने मोजून बदलावं. मोटारीसोबत आलेल्या पुस्तिकेत 'खडतर वापर' असा एक रकाना असतो. तो वाळवंटात फिरणाऱ्यांसाठी आहे असं वाटून आपण पान उलटतो. नीट वाचला तर त्यात रोजच्या छोट्या फेऱ्याही असतात.

पैशांचंही बघून टाकू. समजा, आठ लाखांची मोटार दहा वर्षांनी दोन लाखांना गेली. म्हणजे वर्षाला साठ हजारांची घट. विमा पंधरा हजार, सर्व्हिसिंग आठ हजार धरा. वर्षाला पाच हजार किलोमीटर, गावात बाराचं अॅव्हरेज आणि पेट्रोल ९५ रुपये धरलं, तर चाळीसेक हजार पेट्रोलचे. एकूण सव्वा लाखाच्या जवळपास, म्हणजे किलोमीटरला चोवीस-पंचवीस रुपये. स्टेशनची तीन किलोमीटरची फेरी पंचाहत्तर रुपयांना पडली. रिक्षावाल्याने एवढे मागितले असते तर आपण चौकात भांडण उभं केलं असतं. मोटार एका वेळी थोडे थोडे मागते, म्हणून खपून जातं.

सायकलीला मात्र हे गाव मनापासून मानवतं. बडोदा सपाट आहे; चढ म्हणाल तर पुलांचे. सपाटीवर ताशी पंधराच्या वेगाने सायकल चालवायला साधारण पंचाहत्तर वॅट लागतात. घरातला जुना छताचा पंखा एवढीच वीज खातो. एका पंख्याच्या जोरावर माणूस मांडवीहून स्टेशनवर पोचतो, हे एरवी कुणाला सांगितलं तर पटणार नाही. मोटार हेच काम करताना सत्तर किलोच्या माणसासोबत स्वतःचा नऊशे किलोचा देहही वाहून नेते.

तरी "सायकल फार जड जाते बुवा" अशी तक्रार असतेच. बहुतेक वेळा दोष दोन गोष्टींचा. पहिली, सीट खाली असणं. पेडल अगदी तळाला नेऊन त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट ठेवायची रीत आहे. थांबायला ती उत्तम, चालवायला गुडघ्यांची शिक्षा. दुसरी गोष्ट हवा. साध्या काळ्या सायकलीच्या टायरला चाळीस ते पन्नास पीएसआय (पंपावरच्या काट्याचं दाबाचं माप) लागते, मागच्या चाकाला थोडी जास्त. अंगठ्याने दाबून टायर किंचितही दबला तर हवा कमी समजावी.

पंक्चर काढायला तसं काही लागत नाही, पण ट्यूबवरचं भोक कुठे आहे हे वाचता आलं पाहिजे. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा खिळा, बहुधा बाभळीचा. तो अजूनही टायरमध्येच रुतून बसलेला असतो. टायरच्या आतून जपून बोट फिरवून तो काढला नाही, तर कोपऱ्यावर जाईपर्यंत पुन्हा पंक्चर. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काट्याला बोल लावू नये; हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि ट्यूब रिमवर चिमटली. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि आऱ्याचं टोक टोचतंय. आणि ट्यूब व्हॉल्वच्या बुडाशी फाटली असेल तर टायर रिमवर घसरतोय, त्याने व्हॉल्व तिरका ओढलाय. तिथे पॅच टिकत नाही, सरळ नवी ट्यूब घ्यावी.

पॅच सुटतो तो घाईने. भोकाभोवतीची जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायची, सोल्युशन पातळ पसरायचं आणि मग हात बांधून बसायचं. बोटाला ओलं लागेनासं झालं, की पॅच दाबायचा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच त्या दिवशी छान दिसतो आणि पुढच्या कडक उन्हात कडेने उलतो. रस्त्याकडेच्या दुकानात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं म्हणून ही पाच मिनिटं वाचवली जातात. गिऱ्हाइकाने त्या वेळात शेव-उसळ खाऊन यावं. मराठी उसळीला बडोद्याने दिलेला तो दागिना आहे, आणि पॅचही सुकतो.

पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक लागतच नाही असं वाटतं. ब्रेकचं रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं आणि मगच पकडतं. म्हणून चौक यायच्या बराच आधी ब्रेक हलका धरून ठेवायचा. बाकी पाच-सहा किलोमीटरनंतर, त्यातही भर दुपारी, सायकलीला आपलं गाव मानवतं पण आपल्याला सायकल मानवत नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला सायकलीने जाणारे आहेत. त्यांच्या पायांना दंडवत, पण हा उपाय सगळ्यांना सांगावा असा नाही.

आगगाडीची गोष्ट बडोद्याच्या माणसाने तर गायकवाडांपासूनच सुरू करावी. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ पडले. ते इतके हलके, की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. म्हणून सुरुवातीला गाड्या ओढायला चक्क बैल जुंपले. ऐकायला विनोदी वाटतं, पण त्यातच रेल्वेचं सगळं मर्म आहे. लोखंडावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा रबरी टायरच्या मानाने पाचव्या हिश्श्याहूनही कमी जोर लागतो. चाक रुळाला टेकतं ती जागा एका रुपयाच्या नाण्याहूनही लहान. धुळीच्या वाटेवर गाडा ओढणाऱ्या बैलाला रुळांवर आणलं, तर तोच बैल कितीतरी अधिक माल नेतो. बैल बदलला नव्हता, वाट बदलली होती.

हेच तत्त्व आज मेमूत, म्हणजे विजेवरच्या लोकलसारख्या गाडीत, बसून आणंदला जाणाऱ्यांना ओढून नेतं. मेमूला पुढे वेगळं इंजिन नसतं. नेहमीच्या रचनेत चार डब्यांमागे एका डब्याला मोटरी असतात आणि वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट येतात. जोर गाडीभर वाटलेला असल्याने ती चटकन वेग घेते. म्हणूनच बाजवा, रणोली, वासद असं थांबत थांबत जाणं तिला परवडतं.

बडोदा ते आणंद रुळांवरून ३५ किलोमीटरच्या आसपास. दांडिया बाजारातून निघालात तर सायकलीने बारा मिनिटं, स्टँडवर पाच, फलाटावर दहा, गाडीत चाळीसेक, उतरल्यावर पायी पंधरा. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं. मोटारीने हेच पार्किंग धरून तासाभरात जमतं. वीस-पंचवीस मिनिटांनी मोटार जिंकते, हे कबूल करायलाच हवं. मात्र महिन्याला पंचवीस दिवस येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर म्हणजे दोन हजार किलोमीटर. सोळाच्या अॅव्हरेजने नुसतं पेट्रोल बारा हजारांच्या घरात. सेकंड क्लासचा मासिक पास शेकड्यांत निघतो आणि तीन महिन्यांचा पास मासिकाच्या तिप्पट नव्हे, २.७ पट पडतो. नवखे पासवाले दोन ठिकाणी फसतात. सुपरफास्ट गाडीसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो, आणि पास आहे म्हणून आरक्षित डब्यात शिरता येत नाही. "जवळच तर उतरायचंय" या सबबीवर टीसी पाघळत नाही.

मोटारीला मानवणारं अंतरही आहे, नाही असं नाही. चार माणसं, एक आजीबाई, त्यांचे गुडघे आणि डबे घेऊन पावागडाच्या पायथ्याशी जायचं, तर मोटारीला तोड नाही. रात्री दोन वाजता दवाखाना गाठायचा असेल तर अॅव्हरेजची चर्चा करणारा माणूस नातेवाईक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. अमदावादेच्या एक्स्प्रेस-वेवर मोटार खऱ्या अर्थाने मोकळी होते. तिथेही ताशी ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आणि पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता. पाणी साचलं की पुढची मोटार पार झाली म्हणून आपलीही होईल, असा अंदाज बांधणारे दरवर्षी भेटतात. इंजिन हवा ओढतं त्या नळीवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर खेळ संपला. हवा दाबता येते, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. मोटार पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हा एकच नियम. ढकलून बाहेर काढायची, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची आणि टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत, गॅरेजला न्यायची. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर "एकदा सुरू होते का बघू" या कुतूहलाची किंमत अनेकांनी मोजली असणार. पुरात बुडालेल्या सायकलीला चाकांचे आणि पेडलचे कप-कोन, म्हणजे छर्रे बसतात त्या वाट्या, उघडून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस लागतं. मागच्या चाकाचे छर्रे पाव इंचाचे, पुढच्याचे त्याहून बारीक. मिसळू द्यायचे नाहीत.

रोज सायकल अधिक गाडी असा प्रवास करायचा, तर स्टेशनच्या स्टँडवर नुसत्या मागच्या कुलपावर विसंबू नये. साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून एकदम घालावी. जागा मिळेल तितकी सावलीत. कारण व्हॉल्वच्या आतली ती रबरी नळी, जिला सगळे व्हॉल्व-ट्यूब म्हणतात, उन्हाने चिकट होऊन फाटते आणि संध्याकाळी सातच्या गाडीने परतलेल्या माणसाला टायर जमिनीला टेकलेला दिसतो. तो पंक्चर समजून दुकान शोधत निघतो. दोन इंच व्हॉल्व-ट्यूब टिफिनच्या पिशवीच्या कप्प्यात टाकून ठेवावी: व्हॉल्व उपसायचा, जुनी नळी सोलून काढायची, नवी थुंकीने ओली करून व्हॉल्वच्या बाजूच्या भोकाच्या खालपर्यंत सरकवायची, वरची चकती घट्ट करायची. पंप स्टँडवाल्याकडे असतो. मागायच्या आधी त्याला सुटे पैसे दाखवावेत.