गादीखालची जॅकेटं

इंदूरच्या खजूरी बाजारात माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका काकूंचा फोन आला. काका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. ते गेले, आता खोली रिकामी करायची होती. दुपारी रद्दीवाला येणार होता, म्हणून दुकान पोरावर टाकून सकाळीच गेलो.

काकूंनी आधी जुन्या साडीत गुंडाळलेलं एक पुस्तक पुढे केलं. अरुंधती रॉय यांची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’, लंडनची प्रत. भाच्याने तिकडून आणलेली. “ही पहिली आवृत्ती आहे म्हणतो तो. पैसे आले तर हिचेच येतील.”

शीर्षकपान उलटलं. 1997 साल होतं, पण खाली आकड्यांची ओळ होती: 5 7 9 8 6 4. या ओळीत क्रम बघायचा नसतो, सर्वांत लहान आकडा शोधायचा. नव्या छपाईच्या वेळी आधीचा आकडा गाळतात. इथे 1, 2, 3 गेलेले, म्हणजे ही चौथी छपाई. काकूंना सांगताना जीभ जड झाली.

नुसत्या सालावर भली भली माणसं फसतात. मराठीत तर फारच. ‘कोसला’च्या नंतरच्या आवृत्तीत ‘पहिली आवृत्ती 1963’ ही ओळ दिसते आणि लोक धावत दुकानात येतात. मी आधी प्रकाशकाचं नाव वाचायला सांगतो. पहिली आवृत्ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीची. दुसरं नाव दिसलं की विषय संपला.

मग रद्दीचा ढीग चाळायला बसलो. गाइडं, दिवाळी अंक, आणि खाली ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ ही कादंबरीच पुन्हा. जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं छापील कागदी वेष्टण, नाही; नुसता पुठ्ठा. “ती इकडचीच आहे, राहू द्या,” काकू म्हणाल्या. उघडली, तर प्रकाशक इंडियाइंक, नवी दिल्ली, 1997. पुढच्या कुठल्याही छपाईची नोंद नाही. ही कादंबरी लंडनच्या आधी दिल्लीत निघाली, त्यामुळे खरी पहिली आवृत्ती इकडचीच. आणि पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत, बारीक अक्षरात: ‘इंदूर, 27 जुलै 1997’. कादंबरीला बुकर पुरस्कार मिळाला ऑक्टोबरात, म्हणजे ही प्रत त्याआधीची. एरवी मालकाच्या अक्षराने किंमत उतरते, इथे ती तारीखच साक्षीला उभी होती.

पण जॅकेट? आधुनिक कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीची बरीचशी किंमत त्या कागदातच असते. विचारलं, तर काकू म्हणाल्या, “मळू नये म्हणून ते सगळी काढून ठेवायचे.” आतल्या खोलीत जाऊन त्यांनी पलंगाची गादी उचलली. खाली वर्तमानपत्रात, इस्त्री केल्यासारखी सपाट, तीस-चाळीस जॅकेटं. हवं ते मधेच सापडलं. घड्या शाबूत, छापील किमतीचा कोपरा कापलेला नाही, बुकरचा उल्लेख कुठेच नाही. माझे हात थरथरत होते.

अंदाजे किंमत सांगितली आणि म्हटलं, “काकू, आज मला देऊ नका. आणखी दोघांना विचारा.”

त्यांनी जॅकेट माझ्या हातून घेतलं, पदराने पुठ्ठा पुसला आणि स्वतःच चढवलं. त्या अक्षरावरून बोट फिरवत म्हणाल्या, “ही राहू दे.” बाकीची जॅकेटं आम्ही दोघांनी मिळून ज्याची त्याला घातली. रद्दीवाला आला तेव्हा त्याला फक्त गाइडं मिळाली.