सॅचमोच्या घरी

न्यूयॉर्कला आलेले आपले लोक टाइम्स स्क्वेअर आणि तो पुतळा उरकतात नि परततात. शहराच्याच क्वीन्स या भागाकडे सहसा कुणी वळत नाही. मी सात नंबरची ट्रेन पकडून तिकडे गेले ते फक्त लुई आर्मस्ट्राँगसाठी, म्हणजे जॅझचा तो ट्रम्पेटवादक आणि गायक, ज्याचं टोपणनाव 'सॅचमो'. कोरोना प्लाझाला उतरलं की स्पॅनिश पाट्या, फळांच्या गाड्या आणि डोक्यावर ट्रेनचा खडखडाट. तिथून थोडं चाललं की १०७व्या रस्त्यावर चारचौघांसारखं विटांचं घर.

हे घर घेतलं त्याच्या बायकोने, ल्युसिलने, १९४३ मध्ये. साहेब दौऱ्यावर होते. परतल्यावर टॅक्सी दाराशी थांबली तरी हे आपलं घर, हे त्याला पटेना. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवून मग त्याने बेल वाजवली. पुढे ६ जुलै १९७१ ला याच घरात झोपेत तो गेला. आता ते संग्रहालय आहे. सोबत गाइड असतो, एकट्याने हिंडता येत नाही.

स्वयंपाकघर निळंशार, चकचकीत. न्हाणीघरात भिंतभर आरसे आणि सोनेरी नळ. मला जरा भपकेबाजच वाटलं. पण लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सच्या अतिगरीब वस्तीत वाढलेल्या, पिस्तूल उडवल्याबद्दल पोरवयात सुधारगृहात गेलेल्या आणि तिथल्याच बँडमध्ये कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य शिकलेल्या माणसाने का नाही लावायचे सोनेरी नळ?

जीव अडकतो तो त्याच्या अभ्यासिकेत. दोन टेपरेकॉर्डर आणि शेकडो टेपा. तो घरातल्या गप्पा, विनोद, रियाज, सगळं टेप करायचा आणि खोक्यांवर फोटो कापून चिकटवायचा. गाइडने बटण दाबलं आणि तो खरखरीत आवाज खोलीत घुमला. सोबतची मंडळी एकदम गप्प.

त्याचं १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' मी आधी शंभरदा ऐकलं असेल. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, साथीला कुणी नाही. ठेका धरण्याआधी गवयाने आलापातच मैफल जिंकावी तसं. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडमध्ये सगळे मिळून वाजवत. एकट्या वादकाने पुढे येऊन आपलं म्हणणं मांडायचं, हे जॅझमध्ये रुजलं ते मुख्यतः याच्यामुळे. त्याचा वारा आपल्यापर्यंतही पोचला. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईत 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणून गाजला आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त त्याचा ट्रम्पेट घुमला.

रुमालाने घाम पुसत दात काढणारा, गोऱ्यांना खूश ठेवणारा, अशी टीका त्याच्यावर त्याच्याच लोकांनी केली. मला ती पटत नाही. १९५७ मध्ये दक्षिणेतल्या लिटल रॉक शहरात गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरमध्ये धमक नाही असं त्याने पत्रकाराला तोंडावर सांगितलं आणि सरकारने आखलेला रशियाचा दौरा नाकारला. लुइझियानाने १९५६ मध्ये काळ्या-गोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करायला बंदी घातली. याच्या बँडमध्ये दोघेही होते. मग स्वतःच्या जन्मगावी तो वाजवायला गेला तो थेट १९६५ मध्ये, कायदा बदलल्यावर.