डिस्नेत बॅटरी १२ टक्के

ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला जाताय ना, मग सनस्क्रीन नंतर, आधी पॉवर बँक घ्या. तिथे राइडचं वेटिंग, जेवणाची ऑर्डर, तिकीट सगळं ॲपवर, आणि पार्कात वायफाय फ्री असलं तरी मी शहाणपणा करून ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घेतलं आणि आईबाबांना माझ्या हॉटस्पॉटवर जोडलं. आता हॉटस्पॉट म्हणजे काय, बाबा दहा पावलं लांब गेले की नेट गायब, आणि दुपारी दोनला माझा फोन १२ टक्के! आई टीकप्सच्या राइडपाशी (गोल फिरणारे मोठे कप) हरवली (हरवली कसली, आइस्क्रीम खात होती). आणि हो, पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायची असते, आमची मोठी बॅग चेक-इन काउंटरवर सगळ्यांसमोर उघडावी लागली, वरच चकल्यांचा डबा.