निळ्या पुठ्ठ्याची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही म्हणून सरांचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "सर, आमच्याकडे लिहिण्यासारखं आहे काय?" आधीच्या तुकड्यांकडे सहली आहेत, स्नेहसंमेलनं आहेत, निरोप समारंभात ढसाढसा रडलेली मुलं आहेत. आमची दहावी २०२०-२१ ची. निरोप नाही, बोर्डाची परीक्षा नाही, आणि वाडीत अजूनही आम्हाला 'ढकललेली बॅच' म्हणतात. सर म्हणाले, "मग वहीचं लिही."

वहीचं लिहितो, पण आधी इमारतीचं सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली ती झालीच. वार्षिक परीक्षेविना आम्ही नववी पास झालो. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले आणि त्यांना वेगळं ठेवायला गावात शाळेशिवाय जागाच नव्हती. माझे बाबा मुंबईत रिक्षा चालवायचे. तेही आले आणि नववीच्या वर्गात मुक्कामाला गेले, माझ्याच वर्गात. ते स्वतः याच शाळेतून नववीत गळालेले. आई दगडी कुंपणाच्या गडग्यावर डबा ठेवून मागे सरायची, मग ते बाहेर यायचे. "बघ, शेवटी नववीत बसवलंच मला!" असं तिकडूनच ओरडायचे.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. आमचा मंडणगड तालुका बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे, म्हणजे त्याच्या तडाख्यातच. शाळेचे पत्रे गेले. कार्यालयात पाणी पडायला लागल्यावर बाबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या चौघांनी कुलूप फोडलं, जनरल रजिस्टरं आणि ग्रंथालयाची पुस्तकं ओढत कोपऱ्यात नेली आणि वर बाक उपडे घालून ताडपत्री टाकली. पन्नास वर्षांची नावं त्यामुळे वाचली. कुलूप फोडल्याबद्दल नंतर बोलणीही खाल्ली, ते वेगळं.

विजेचे खांब आडवे झालेले. आमच्या वाडीत महिना उलटून गेला तरी दिवा नव्हता. इकडे १५ जून उजाडला आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं सगळीकडे ऐकू यायला लागलं. आमचं शिक्षण सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर सुरू होतं. चिऱ्याच्या खाणीजवळ एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की दोन काड्या रेंज यायची. भर पावसात, एका छत्रीखाली चौघं, एक फोन. सरांचा चेहरा थिजलेला, आवाज मात्र चालू. "ऐकू येतंय का?" हे वाक्य त्या वर्षी मी पायथागोरसच्या प्रमेयापेक्षा जास्त वेळा ऐकलं. वीज आल्यावर धाकट्या बहिणीची सोय झाली, सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून 'टिलीमिली' लागायचं. पण ते आठवीपर्यंतच. दहावीवाल्यांनी सड्यावर जावं.

जुलैत मराठीच्या बाईंनी निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही फिरवायला काढली. नियम दोनच. प्रत्येकाने एक पान लिहायचं आणि दोन दिवसांत पुढच्या घरी पोचवायचं. विषय कुठलाही चालेल, अभ्यासाचा नको. दर शनिवारी गणिताचे सर दुचाकीवरून वाड्या-वाड्या करत यायचे, वही जिथे असेल तिथून बाईंकडे न्यायचे आणि सोमवारी परत आणून द्यायचे. बाई गुण देत नव्हत्या. शुद्धलेखनाच्या चुका मात्र लाल शाईने सोलून काढायच्या, आणि खाली एक प्रश्न विचारायच्या. मी पडलेल्या फणसाविषयी लिहिलं, तर खाली प्रश्न, "फणस आजोबांनी लावलेला की पणजोबांनी?" आता उत्तर द्यायचं तर वही पुन्हा आपल्याकडे यायची वाट बघणं आलं. एकतीस घरं होती. मी वाट बघायचो.

लोक कागदालाही घाबरत होते. वही आली की आजी तिला हात लावू द्यायची नाही, रात्रभर चुलीच्या वर दोरीला टांगून ठेवायची. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? बहुतेक घरांनी तेच केलं असावं, कारण गणपतीपर्यंत वही पिवळी पडली होती आणि तिला धुराचा, सुक्या मासळीचा वास यायचा. गणपतीला पुन्हा मुंबईकर आले. आमच्याकडे काका आला आणि वही आमच्याकडेच अडकली. पुढच्या घरची मुलगी उंबऱ्यातूनच म्हणाली, "आई नको म्हणते." तिचा राग मला दहावी संपेपर्यंत होता. आज नाही. तिच्या घरी आजोबा दम्याने आजारी होते, हे मला तिच्याच पानावरून कळलं.

आमच्या वर्गातला एक मुलगा १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाल्याबरोबर हर्णैला बोटीवर खलाशी म्हणून गेला. हे त्याच्या घरच्यांनी शाळेला कळवलं नव्हतं. वही त्याच्या घरून कोरीच पुढे सरकली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. सर दोनदा हर्णैला जाऊन आले. पहिल्यांदा तो समुद्रात होता. दुसऱ्यांदा भेटला, चहा पाजला आणि म्हणाला, "बाबांचं मुंबईचं काम गेलंय, सर." २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग उघडले, संमतीपत्रं घेऊन, एका बाकावर एक असे आम्ही बसलो. तो आला नाही. आणखी एक मुलगीही आली नाही. वहीने सगळे परत आणले, असं मी इथे लिहिलं तर बाईच लाल शाईने खोडतील.

मग परीक्षाही रद्द झाली. नववीचे ५०, दहावीचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, अशी गुणांची बेरीज होऊन १६ जुलै २०२१ ला राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. नववीत आमची वार्षिक परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे मी सहामाहीच्या गणितात खाल्लेली माती जन्मभरासाठी गुणपत्रिकेला चिकटली. बाबा म्हणाले, "नववी आपल्या घराण्याला सोडत नाही."

वही सध्या माझ्याकडे आहे. १६३ पानं भरली आहेत. ऑगस्टमधलं एक पान बाईंनी कोरं ठेवलंय, वर फक्त बोटीवर गेलेल्या त्या मुलाचं नाव आणि हजेरी क्रमांक. सुवर्णमहोत्सवाला मी ती घेऊन येतोय. हर्णैला ही स्मरणिका कुणी नेणार असेल तर त्याला निरोप द्या, बोट किनाऱ्याला असली तर ये. पेन माझ्याकडे आहे.