रिपोर्ट आला आणि बार अडकला

फोंड्यात एका जिममध्ये ट्रेनर आहे, त्यामुळे 'सर, माझी बॉडीच होत नाही' हे रोजचंच. पण गेल्या मॅक्स टेस्टला जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

दोघे चुलतभाऊ येतात आमच्याकडे. एकाच घरातले, एकाच टोपातली शीतकडी खाणारे, प्रोग्राम मी दिलेला, दोघांना सेम टू सेम. थोरला चवथीच्या आधीपासून गायब, आला तरी दोन सेटच्या मध्ये रील्स बघणार, आणि तरी त्याचे दंड बघा, टीशर्टची बाही पुरत नाही. धाकटा कुंडईला कंपनीत नाईट शिफ्टला, प्रत्येक सेट वहीत लिहिणारा, पण अंगावर म्हणावं तसं काही दिसत नाही.

मॅक्स टेस्ट म्हणजे बेंच प्रेसला, बेंचवर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा त्यात, एका रेपला, म्हणजे एकदाच, जास्तीत जास्त किती वजन. त्यात मी कुणाचं ऐकत नाही. बार छातीवर थांबलाच पाहिजे, मी 'प्रेस' म्हणेपर्यंत. बूड बेंचवरून उचललं की लिफ्ट बाद, स्पॉटरचं, म्हणजे डोक्याशी मदतीला उभा असतो त्याचं, बोट बारला लागलं तरी बाद. नाहीतर अर्ध्या जिममध्ये आकडे पोराचे आणि ताकद स्पॉटरची! धाकट्याने आदल्या आठवड्यात 70 किलो तीनदा स्वच्छ मारलेले, म्हणजे हिशेबाने 75 तरी निघायलाच हवे. त्या दिवशी 70 च अर्ध्यावर अडकले.

'कितें जालें रे?' विचारलं तर त्याने मोबाईलच पुढे केला. डीएनए रिपोर्ट. थुंकीचं सॅम्पल पाठवायचं ते पॅकेज आमच्याच मालकांनी काउंटरवर विकायला ठेवलंय. त्यात एसीटीएन3 जीन, टाइप एक्सएक्स, आणि लाल अक्षरात 'ताकदीची क्षमता: कमी'.

आता हा जीन काही थापेबाजी नाही. फटकन आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंत अल्फा-अ‍ॅक्टिनिन-3 नावाचं प्रोटीन असतं, एक्सएक्सवाल्यांत ते बनतच नाही. 2003 साली ऑस्ट्रेलियात मोठमोठे खेळाडू तपासले तेव्हा स्प्रिंटसारख्या ताकदीच्या खेळांतल्यांत एक्सएक्स फारच कमी सापडले. पण जगात साधारण पाचातला एक माणूस एक्सएक्स आहे आणि त्यांना त्याचा काही आजार नसतो, बरंचसं काम अ‍ॅक्टिनिन-2 सांभाळून घेतं. तुमच्याआमच्या बेंच प्रेसमध्ये या एका जीनचा वाटा अगदी बारीक. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांच्या ताकदीतला साधारण निम्मा फरक वारशाचा निघतो हे खरं, पण तो ढीगभर जीन्समध्ये वाटलेला असतो. एका ओळीच्या लाल अक्षरात कसला मावतोय!

आणि 'मेहनत करा, सगळं होतं' हे भिंतीवरचं पोस्टर तरी कुठे खरं आहे? 2005 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 585 जणांकडून 12 आठवडे एकाच हाताचा व्यायाम करून घेतला. कुणाची ताकद शून्य टक्के वाढली, कुणाची 250 टक्के. थोरला त्यातल्या वरच्या टोकाचा असणार. धाकट्याला हे कुठल्या तोंडाने सांगू?

पण 70 अडकले ते जीनमुळे नव्हे, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. जीन आदल्या आठवड्यातही तोच होता की! स्टॅनफर्डच्या लोकांनी हेच करून बघितलंय, खरा जीन कुठलाही असो, 'तुझा जीन व्यायामाला वाईट' असं ज्यांना सांगितलं ते ट्रेडमिलवर आधीपेक्षा लवकर थकले. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, कस्टमरला सायन्स आवडतं. असो.

मला खरा छळतोय तो दुसराच प्रश्न. धाकट्याची वही चाळली तर झोपेचा रकाना चार-पाच तासांच्या वर जातच नाही. सकाळी शिफ्ट सुटली की सरळ जिमला, मग घरी, दुपारी गरमीत कसली झोप लागते. त्याचं अंग भरत नाही ते रक्तातलं किती आणि कुंडईचं किती, हे ना त्या रिपोर्टला कळतं ना मला.

पुढच्या महिन्यापासून जनरल शिफ्ट मिळेल म्हणतोय. मिळाली तर प्रोग्राम जसाच्या तसा ठेवणार, एक सेट इकडचा तिकडे करणार नाही, आणि मग परत बार छातीवर थांबवून मोजणार. थोरल्याने तोपर्यंत जिमला तोंड दाखवलं तर त्याचंही मोजू.