पहिल्या नोकरीचा पीएफ

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी गेली 19 वर्षे हिशेब आणि पगारपत्रक सांभाळते. आमच्याकडे महिन्याच्या 7 तारखेला पगार होतो आणि पुढच्या दोन-चार दिवसांत नोकरी सोडायच्या विचारात असलेली मुले माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. त्यांचे बोलणे बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते, "अक्का, पीएफ कधी निघेल?" पीएफ म्हणजे पगारातून कापून साठवलेला भविष्य निर्वाह निधी. जुने खाते नव्या नोकरीला कसे जोडायचे, असे मला इतक्या वर्षांत फार थोड्यांनी विचारले आहे, आणि हे मला मनापासून लागते.

मागच्या महिन्यात वार्पिंग खात्यातला 23 वर्षांचा एक मुलगा असाच आला. त्याला पुण्यात जास्त पगाराचे काम मिळाले होते आणि इथला पीएफ काढून मोटारसायकलचे डाउन पेमेंट भरायचे त्याने ठरवले होते. मी त्याला खुर्ची दिली आणि त्याच्याच मोबाइलवर पीएफचे पासबुक उघडायला सांगितले. तीन वर्षे नोकरी करूनही त्याने ते एकदाही उघडून पाहिलेले नव्हते.

त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 14,000 रुपये होता. त्यातले 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये, त्याच्या पगारातून कापले जात होते आणि तेवढेच मालकाकडून भरले जात होते. मात्र मालकाची सगळी रक्कम पीएफमध्ये जात नाही, ही गोष्ट आमच्या कारखान्यातल्या पर्यवेक्षकांनाही अनेकदा ठाऊक नसते. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेकडे वळते होतात आणि उरलेले 3.67 टक्के पीएफच्या खात्यात पडतात, त्यामुळे या मुलाचे दरमहा 1,166 रुपये पेन्शनकडे आणि मालकाच्या वाट्यातले केवळ 514 रुपये पीएफमध्ये जमा होत होते. पीएफच्या दोन्ही रकान्यांची बेरीज व्याजासह सुमारे 89,000 रुपये झाली होती.

त्याने तिसऱ्या, पेन्शनच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, "अक्का, हे पण माझेच ना? मग हे पण काढून टाकू?"

खरा घात याच प्रश्नात आहे. पीएफ ही साठलेली रक्कम आहे, पण पेन्शनचा हिशेब साठलेल्या रकमेवर होत नाही. तो नोकरीच्या वर्षांवर होतो. 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत निदान 10 वर्षांची सेवा भरली, तर वयाच्या 58 व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन मिळते. शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे, असे तिचे सूत्र आहे. या हिशेबासाठी पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये आहे, आणि 20 वर्षे सेवा पूर्ण करणाऱ्याला 2 वर्षे वाढवून मिळतात. हा मुलगा 58 व्या वर्षापर्यंत सलग पीएफच्या नोकरीत राहिला, तर आजच्या नियमांप्रमाणे त्याची पेन्शन महिना साडेसात हजारांच्या पुढे जाईल. पण प्रत्येक नोकरी सोडताना पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर सेवा दर वेळी पुसली जाते आणि पुढच्या ठिकाणी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पुण्यात ठेकेदार बदलत बदलत नोकरी करणारी आपल्याकडची कितीतरी मुले वयाच्या पस्तिशीपर्यंत तीन-चार वेळा असे करतात, त्यांची नोकरीची वर्षे 12 असतात आणि खात्यावरची सेवा 2 वर्षांची असते.

त्याला मी पीएफच्या रकमेचाही हिशेब करून दाखवला. 2024-25 या वर्षासाठी पीएफवर 8.25 टक्के व्याज होते. पुढे ते कमी होईल असे धरून 8 टक्क्यांनी मोजले, तरी हे 89,000 रुपये नव्या खात्यात वळवून तसेच ठेवल्यास 35 वर्षांत सुमारे 13 लाख होतात. आकडा ऐकून त्याचे डोळे मोठे झाले, म्हणून त्याची दुसरी बाजू सांगणेही मला भाग होते. महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढत राहिली, तर त्या 13 लाखांत आजच्या सुमारे 1 लाख 70 हजारांइतकीच खरेदी होईल. म्हणजे रक्कम पंधरापट दिसली तरी तिची ताकद जेमतेम दुप्पट होणार. तरीही ती दुप्पट होते, आणि मोटारसायकलची किंमत मात्र पाच वर्षांत निम्म्यावर येते. पगार वाढेल तशी बचतही वाढवत गेले नाही, तर नुसत्या एका खात्यावर म्हातारपण निभावणार नाही, हे मी कुणापासूनही लपवत नाही.

मी इतक्या तळमळीने हे का सांगते, याचे कारण माझ्या घरात आहे. आमचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली ती पेन्शन योजना येण्याच्या आधी. हाती आलेल्या पीएफमधून मोठ्या बहिणीचे लग्न झाले, घरावरचे पत्रे बदलले आणि पैसा संपला. त्यानंतर बाबांनी वयाच्या 71 व्या वर्षापर्यंत एका गोदामावर रात्रपाळीची राखणदारी केली. थंडीच्या दिवसांत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, ते सकाळी घरी परत यायचे तेव्हा कानाला बांधलेला मफलर सोडायलासुद्धा त्यांची बोटे वळत नसत.

आई शहराच्या पूर्व भागातल्या हजारो बायकांसारखी बिडी वळायची. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, हातात कात्री, आणि दिवसाला हजार बिडीचे लक्ष्य. त्यातही छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढी मजुरी गेली. बिडी उद्योग 1977 पासून भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे आईच्या मजुरीतून कपात व्हायची आणि तिला त्या कपातीचा राग यायचा. आज तिला त्याच कपातीतून पेन्शन मिळते. मजुरी तुटपुंजी आणि भरणा अर्धवट, त्यामुळे पेन्शनही किमान रकमेचीच, म्हणजे महिना 1,000 रुपये आहे. हा किमान आकडा 1 सप्टेंबर 2014 पासून तसाच आहे आणि तो वाढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या हजारातून आईची रक्तदाबाची औषधे येतात आणि त्यासाठी तिला माझ्यापुढे किंवा भावापुढे हात पसरावा लागत नाही, ही गोष्ट तिच्या दृष्टीने लहान नाही.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी त्यासाठी मी तिला घेऊन गेले होते, तेव्हा यंत्र तिचा अंगठा घेईना. चाळीस वर्षे पाने घासून आणि दोरा ओढून अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. पदराने पुसून, ओला करून, दुसऱ्या हाताने दाबून तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि दर वेळी लाल दिवा लागला. शेवटी उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दाखला निघाला. आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो आणि तो दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो, त्यामुळे ती ओढाताण संपली आहे.

भविष्य म्हातारपणाच्याच रूपाने येते असे नाही, हेही तरुणांनी लक्षात घ्यावे. सभासद नोकरीत असताना दगावला, तर त्याने एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन सुरू होते आणि दोन मुलांना वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत वेगळी पेन्शन मिळते. मात्र त्यासाठी वारसाचे नाव ऑनलाइन नोंदवलेले असले, तर कुटुंबाची धावपळ पुष्कळ वाचते. आमच्याकडच्या लग्न झालेल्या मुलांतही निम्म्या जणांच्या खात्यावर अजून आईचेच नाव असते किंवा काहीच नसते. दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची आहे. सोलापुरातल्या तेलुगू आडनावांत जोडाक्षरे फार. आधारवर दोन डी, बँकेत एक डी आणि कारखान्याच्या नोंदीत आणखी तिसरेच काही, अशा एका अक्षरापायी दावे अडकून पडतात. ही दुरुस्ती नोकरी चालू असताना, मालकाची सही लागलीच तर ती सहज मिळते तेव्हाच करून घ्यावी.

भिशीविषयी मला आदर आहे. माझी स्वतःचीही आहे. पण भिशी वर्षभराच्या गरजेसाठी असते, तिला पेन्शनचे काम सांगू नये.

त्या मुलाने अखेर पीएफ काढला नाही. मोटारसायकल त्याने जुनी घेतली. पुण्याला रुजू होताना जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, दिला आणि खाते वळवण्याचा अर्जही स्वतःच मोबाइलवरून भरला. गेल्या आठवड्यात त्याने नव्या पासबुकाचे छायाचित्र पाठवले, खाली घाबरून लिहिलेले होते, "अक्का, पीएफ आला, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे. पैसे गेले काय?" मी त्याला लगेच फोन करून समजावले की खाते वळवताना पेन्शनची रक्कम नव्या पासबुकात दिसत नाही, तिकडे सेवेची वर्षे जातात आणि पेन्शन त्यांवरच ठरते. सेवेच्या नोंदीत आमच्या कारखान्यातली रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे ना, एवढे त्याने पाहावे. त्याने पाहिले, दोन्ही तारखा बरोबर होत्या.

मग त्याने बहिणीचे विचारले. ती 20 वर्षांची आहे आणि गणवेश शिवणाऱ्या एका लहान युनिटमध्ये आठ-नऊ जणींबरोबर मशीनवर बसते. कामगारांची संख्या 20 च्या आत असल्यामुळे तिथे पीएफ लागू नाही. अशांसाठी 2015 पासून अटल पेन्शन योजना आहे. 18 ते 40 या वयात, प्राप्तिकर न भरणाऱ्या कुणालाही बँकेतून तीत भाग घेता येतो आणि वयाच्या 60 व्या वर्षापासून महिना 1,000 ते 5,000 रुपयांपर्यंत ठरलेली पेन्शन मिळते. विसाव्या वर्षी सुरुवात केली, तर 5,000 रुपयांच्या पेन्शनसाठी दरमहा 248 रुपये भरावे लागतात. पस्तिसाव्या वर्षी त्याच पेन्शनसाठी 902 रुपये लागतात. पहिलीचे 40 वर्षांत एकूण 1 लाख 19 हजार रुपये जातात, तर उशिरा आलेलीचे 25 वर्षांतच 2 लाख 70 हजार. चाळीस वर्षांनंतर 5,000 रुपयांना आजची किंमत राहणार नाही, हेही मी त्याला सांगितले. पण जिच्या हाताला दुसरी कोणतीच पेन्शन नाही, तिने पहिली पायरी सोडू नये.

त्याने तिला माझा फोन नंबर दिला. तिची मजुरी दर महिन्याच्या 10 तारखेला खात्यात पडते, म्हणून 11 किंवा 12 तारखेला आधार आणि पासबुक घेऊन बँकेत जा, म्हणजे कपातीच्या दिवशी खात्यावर शिल्लक असेल, असे मी तिला सांगितले आहे. तिला एकटीने जायचा संकोच वाटत होता. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिच्याबरोबर जाणार आहे.