बाबांची 2001 ची स्प्लेंडर, अपडेट 4: कंपनीचा पार्ट, सप्लायरचा पार्ट का लोकल

तर मंडळी, मागच्या अपडेटला इंजिन उघडून टेबलावर मांडून ठेवलं होतं आणि सगळे एकच विचारत होते की पार्ट कुठले टाकणार. आता गाडी चालू आहे, हाफ इंजिन (म्हणजे ब्लॉक-पिस्टनचं काम) केल्यापासून 640 किमी झालेत, 500 ला ऑइल बदललं, म्हणून आता बसून नीट लिहितोय. आज फक्त पार्टबद्दल, पेंटचं पुढच्या वेळी.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, 97.2 सीसी, बोअर (सिलिंडरचं भोक) 50 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49.5 मिमी. बाबांनी नोकरीत असताना घेतली, माझी शाळा कॉलेज सगळं या गाडीवर झालं, त्यामुळे विकायचा विषयच नाही. या गाडीचं एक बरंय, हेच इंजिन जुन्या पॅशनला, सीडी डॉनला होतं, त्यामुळे तालुक्याच्या गावालासुद्धा पार्ट मिळतो. पण खप एवढा म्हणल्यावर एकाच पार्टचे चार चार प्रकार निघालेत, आणि काउंटरवर उभं राहिलं की दुकानदार विचारतो, "कंपनीचा देऊ का चालणारा देऊ?" हा जो "चालणारा" शब्द आहे ना, त्यात सगळी गोम आहे.

मी नाना पेठेत तीन शनिवार घातले. दहा बारा दुकानं फिरलो, पार्ट हातात घेऊन बघितले, काही तर दोन्ही प्रकारचे विकत घेऊन घरी व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या मोजपट्टीने) मोजले. त्यातून मला जे कळलं ते असं की कंपनीचा आणि लोकल असे दोनच प्रकार नसतात. एक म्हणजे कंपनीच्या पाकिटातला. हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं 2010 च्या शेवटी ठरलं आणि आता पाकीट हिरोच्या नावाने येतं, त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगची तारीख सगळं असतं. दुसरा प्रकार म्हणजे सप्लायरचा, जो कारखाना गाडी कंपन्यांना माल देतो त्याचाच माल त्याच्या स्वतःच्या डब्यात. ब्रेक लायनर एएसके, क्लच प्लेट एफसीसी, शॉकअप मुंजाल शोवा, वायरी सुप्रजित, चेनसेट रोलॉन किंवा डायमंड. गाडी कंपनी हे सगळं काही स्वतः ओतत नाही, बाहेरून घेते. तिसरा म्हणजे उघड उघड लोकल, त्याच्यावर कुठलंतरी अनोळखी नाव असतं, स्वस्त असतो, आणि तो स्वतःला कंपनीचा म्हणवत नाही. आणि चौथा डुप्लिकेट, म्हणजे पाकीट कंपनीचं आणि आत लोकलपेक्षाही खराब माल. लोकल आणि डुप्लिकेट एक नाही हे कृपया लक्षात घ्या, लोकलवाला निदान खरं बोलतो, तुम्हाला माहिती असतं की काय घेतोय.

माझा डुप्लिकेटचा अनुभव सांगतो म्हणजे मी एवढा का खोलात गेलो ते कळेल. दोन वर्षांपूर्वी मागचे लायनर बदलले होते, दुकानाचं नाव घेत नाही, पाकीट कंपनीचं होतं, पैसे पण कंपनीचेच दिले. तीन महिन्यांनी सासवडहून येताना दिवे घाट उतरत होतो, बाबा मागे बसलेले, एका वळणाला मागचा ब्रेक दाबला तर पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं आणि चाकातून खरखर आवाज आणि जळका वास. पुढच्या ब्रेकवर आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली आणली. घरी चाक उघडलं तर एका शूचं (लायनरच्या धातूच्या अर्धगोलाचं) लायनिंग धातूपासून आख्खं सुटून आलेलं, खाली गोंदासारखा पिवळा थर, नखाने निघत होता. ड्रमला चर पडले ते वेगळंच. बाबा काही बोलले नाहीत, फक्त तो तुकडा हातात घेऊन बघत बसले. त्या दिवसापासून ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

या वेळी लायनर घेताना तीन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या. कंपनीचा 280, सप्लायरचा 210, लोकल 90. (हे मला पडलेले भाव, तुमच्याकडे थोडे इकडे तिकडे.) लोकलमध्ये पहिली गोष्ट दिसते ती कड, लायनिंग कापलेल्या ठिकाणी भुगा पडतो, बोट फिरवलं की काळं लागतं. दुसरं म्हणजे अॅल्युमिनियमच्या शूचं कास्टिंग, जिथे कॅम घासतो तो भाग चांगल्या शूमध्ये सपाट मशीन केलेला असतो, लोकलमध्ये तसाच खडबडीत. आणि तिसरं जे मला आधी माहिती नव्हतं, जोडीतल्या दोन शूंची लायनिंगची जाडी. व्हर्निअर लावलं तर लोकलच्या एकाची 4.1 आणि दुसऱ्याची 3.6. म्हणजे एकच शू घासणार आणि दुसरा नुसता शोभेला. सप्लायरच्या जोडीत फरक दिसलाच नाही मला. शेवटी सप्लायरचाच टाकला, कंपनीचे 70 रुपये जास्त कशाचे ते मला मोजून तरी सापडलं नाही. जुने लायनर काढताना आतली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

चेनसेट. जुनी चेन मोजायची सोपी पद्धत, चेन ताणून धरायची आणि 20 कड्या मोजायच्या. नवीन चेनची एक कडी 12.7 मिमी, म्हणजे 20 कड्या 254 मिमी. माझ्या 260 भरल्या, म्हणजे संपलीच होती. स्प्लेंडरला चेनकव्हर बंद असतं म्हणून चेन टिकते खरी पण त्यामुळेच कुणी उघडून बघत नाही, माझ्यासकट. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बघताना मेस्त्री मामांनी एक गोष्ट शिकवली ती फार कामाची. बारीक कानस घ्यायची आणि दाताच्या कडेला हलकी ओढायची. चांगल्या स्प्रॉकेटचे दात कडक केलेले असतात, कानस नुसती घसरते, काचेवर ओढल्यासारखा आवाज येतो. लोकलवर कानस चावते, लगेच चकचकीत रेघ पडते. मी जुना कंपनीचा स्प्रॉकेट आणि मामांकडे पडलेला नवीन लोकल, दोन्हीवर करून बघितलं, बावीस वर्षं चालून झिजलेला जुना दात अजून नव्या लोकलपेक्षा कडक होता! दुकानात कानस ओढू देणार नाहीत हे उघड आहे, पण गॅरेजमध्ये पडलेल्या काढलेल्या मालावर करून बघा, कुठलं नाव टिकतं ते कळतं. मी रोलॉनचा पूर्ण सेट घेतला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम, कारण नवीन चेन जुन्या दातांवर टाकली की दात चेनला खातात.

आता इंजिन. इथे माझं आणि मामांचं थोडं वाजलं. ते म्हणाले, "लोकल ब्लॉक-पिस्टन किट टाक, हजारात काम होतंय, लेथवाल्याकडे कशाला पळतोस." मी म्हणलं मामा, मूळ ब्लॉक आहे ना, त्याची स्लीव्ह (आतली नळी) चांगली आहे, बोअर अजून एकदाही, 0.25 मिमीने सुद्धा, वाढवलेला नाही, तो का टाकून द्यायचा. शेवटी लेथवर नेला, चरे 0.25 ला जात नव्हते म्हणून 0.50 केला आणि पिस्टन-रिंग कंपनीच्या पाकिटातल्या. पण मामांच्या मनात राहू नये म्हणून त्यांच्याच ओळखीतून एक लोकल 0.50 रिंग सेट आणला आणि दोन्ही ब्लॉकमध्ये लावून बघितल्या. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून त्याने खाली ढकलायची म्हणजे ती सरळ बसते, मग रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं). कंपनीची वरची रिंग 0.20 मिमीच्या आसपास. लोकलला 0.50 चं पान आरामात गेलं. आणि ब्लॉकखाली टॉर्च धरून वरून बघितलं तर लोकल रिंगच्या कडेने दोन ठिकाणी प्रकाश दिसत होता, बारीक केसासारखी रेघ, म्हणजे तिथे रिंग बोअरला टेकतच नव्हती. मामांनी स्वतः डोळा लावून बघितलं, मग काही न बोलता ती रिंग पुडीत घालून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत करून आले. त्यांचा तो मोठेपणा मला फार आवडला, तीस वर्षं हातात पाना असलेला माणूस, पण बघितल्यावर मान्य करायला एक मिनिट नाही लागला.

टायमिंग चेनबद्दल (इंजिनातली, व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी चेन) तर मी विचारच केला नाही, कंपनीची. ही चेन ताणली की आधी आवाज आणि मग टायमिंगची वाट. एकूणच मी आता पार्ट निवडताना किमतीआधी एकच प्रश्न विचारतो, हा पार्ट गेला तर सोबत काय घेऊन जाईल? ऑइल सील चाळीस रुपयांचं असतं पण इंजिनकडच्या पुढच्या स्प्रॉकेटचं सील गळलं की ऑइल चेनकव्हरमध्ये आणि माती धरून चेनसेटची पार वाट. फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) गळलं तर ऑइल नळीवरून खाली उतरून पुढच्या ड्रमपर्यंत येऊ शकतं. म्हणून सगळी सीलं कंपनीची घेतली, अख्ख्या गाडीची मिळून चारशेच्या आत बसली. उलट आरसा, इंडिकेटर, साइड पॅनल, फूटरेस्टचे रबर, हे सगळं लोकल टाकलंय आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. आरसा थोडा थरथरतो. हेडलाइट मात्र लोकल घेऊन परत केला, रिफ्लेक्टर असा की उजेड झाडावर आणि रस्त्यावर अंधार.

बेअरिंगचं वेगळं आहे. मागच्या हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) 6301 नंबरचं बेअरिंग निघालं. हा नंबर जगभर एकच, आतलं भोक 12 मिमी, बाहेरून 37, जाडी 12. त्यामुळे बेअरिंग गाडीच्या पार्टच्या दुकानात घ्यायचंच नाही, बेअरिंगच्या दुकानात जायचं आणि एसकेएफ किंवा एनबीसी मागायचं, दोन्ही बाजूला रबर सील असलेलं. गाडी कंपनीच्या पाकिटासाठी जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. बसवताना मात्र आतल्या रिंगवर ठोकू नका, बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट ठेवून ठोका, नाहीतर कितीही भारी बेअरिंग असलं तरी बसवतानाच खराब होतं.

कार्ब्युरेटरचं लिहायचं राहिलं. लोकल किट 120 ला मिळतं, त्यात जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा), सुई, रबर सगळं. मी किट घेतलं पण त्यातले फक्त ओ-रिंग आणि पॅकिंग वापरले. जेट मूळचेच, रात्रभर क्लीनरमध्ये ठेवून आणि हवा मारून परत लावले. पितळेचा जेट लगेच झिजत नाही, आणि लोकल जेटवर नंबर बरोबर कोरलेला असला तरी भोक त्याच मापाचं असेल याची खात्री नाही. मी दोन्ही उजेडाकडे धरून बघितले, लोकलच्या भोकाला आतून बुर (धातूची खरखरीत कड) होता. काही काही ठिकाणी जुनं ओरिजिनल हे नव्या लोकलपेक्षा कधीही चांगलं, काढलेले पार्ट मेस्त्रीकडे सोडून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा.

डुप्लिकेट ओळखायचं म्हणाल तर माझ्या जुन्या पाकिटावरचा एमआरपीचा छाप ओल्या बोटाने पुसला गेला होता, हे मला नंतर कळलं. आता मी पार्ट नंबर आधीच पार्ट कॅटलॉगमधून लिहून नेतो आणि पाकिटावरच्याशी अक्षर न् अक्षर जुळवतो. होंडाच्या पद्धतीने नंबरचे तीन तुकडे असतात, पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात आणि मधले तीन कुठल्या मॉडेलसाठी बनला ते. आणि पक्कं बिल मागतो. बिल म्हणल्यावर ज्या दुकानात "बिलाचं नंतर बघू" झालं तिथून मी सरळ बाहेर पडलो.

एकूण पार्टचा खर्च लेथ सोडून 5,800 च्या आसपास आला. सगळंच कंपनीचं घेतलं असतं तर माझ्या हिशोबाने अडीच हजार तरी वाढले असते.

सध्याची स्थिती अशी की थंडीत दुसऱ्या किकला चालू होते, धूर नाही, टायमिंग चेनचा आवाज गेला. क्लच वायर अजून जुनीच आहे, नवीन सुप्रजितची आणून ठेवलीय, गोल गुंडाळून आतली तार ओढली तरी कुठे अडकत नाही. या रविवारी ती आणि फोर्कची सीलं एकदम करणार. 1000 किमीला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत बघायचे आहेत. बाबा रोज सकाळी दूध आणायला हीच घेऊन जातायत, दूध केंद्र चालत पाच मिनिटांवर आहे.